पाठीवर कोरलेले साल: ओकच्या जुन्या खुर्चीची साक्ष

#इतिहास #धागा

१/
इंग्लंडमधील लिलावगृहांच्या सूचींत एक नोंद थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आढळते : ‘ओक लाकडाची कोरीव, हातांची खुर्ची. सतरावे शतक. पाठीवर नक्षी, आद्याक्षरे व सन.’ सोबतच्या छायाचित्रात काळवंडलेले लाकूड, झिजलेले हात आणि पाठीच्या फळीवर ठसठशीत कोरलेले एखादे साल दिसते. ते साल पाहताच ग्राहकाचा निम्मा निर्णय होऊन जातो. त्या सालावर कितपत विश्वास ठेवावा, हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/
हा प्रश्न केवळ धनिक संग्राहकांचा नाही. त्या काळातील सुतार आपल्या कामावर सहसा नाव घालत नसत. म्हणून कोणती नक्षी कोणत्या परगण्यातली, कोणती घडण आधीची आणि कोणती नंतरची, याचा क्रम अभ्यासक बऱ्याच अंशी साल कोरलेल्या वस्तूंच्या आधाराने लावतात. त्यांतील एक साल खोटे निघाले, तर त्याच्या आधाराने ठरवलेल्या इतर वस्तूंचा काळही डळमळतो. खोटी खुर्ची एका ग्राहकाला फसवते, तसेच ती एका संपूर्ण कारागीर परंपरेची चुकीची ओळख करून देते.

३/
प्रथम खुर्चीचा मान समजून घेऊ. सोळाव्या-सतराव्या शतकातील सामान्य इंग्रज घरात माणसे बाकांवर आणि तिवयांवर बसत. पाठ आणि हात असलेली खुर्ची घरात एक, फार तर दोन असत आणि ती घरधन्याची असे. मृत्यूनंतर करण्यात येणाऱ्या मालमत्तेच्या याद्यांतून हे चित्र स्पष्ट दिसते. सभेच्या अध्यक्षाला इंग्रजीत ‘चेअरमन’ म्हणण्यामागे हाच मान आहे. मराठीत अरबी-फारसीतून आलेल्या ‘खुर्ची’ शब्दालाही सत्तेचा अर्थ चिकटला आहेच. ब्रिटिश हिंदुस्थानात साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा अधिकार असलेल्यास ‘कुर्सीनशीन’ म्हणत.

४/
विल्यम हॅरिसनने १५७७ मध्ये इंग्लंडचे वर्णन लिहिले. गावातील वृद्धांना आपल्या हयातीत झालेले कोणते बदल ठळक वाटत, हे त्याने नोंदवले आहे : घरांना आलेली धुराडी, सुधारलेली अंथरुणे, लाकडी भांड्यांच्या जागी आलेली कथलाच्या मिश्रधातूची भांडी. शेतकऱ्यांच्या एका वर्गाच्या हाती पैसा खेळू लागला होता. याच वर्गाने पुढच्या शतकात कोरीव खुर्च्या करवून घेतल्या. त्यांवरची तीन आद्याक्षरे अनेकदा पती, पत्नी आणि कुलनामाची असतात; अशा खुर्च्यांवरचे साल बहुधा विवाहाशी जोडले जाते.

५/
या खुर्चीला इंग्रजीत ‘वेन्सकॉट चेअर’ म्हणतात. मूळ शब्द उत्तर जर्मन बोलीतला. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील बंदरांतून इंग्लंडात येणाऱ्या, सरळ रेषांच्या, उत्तम प्रतीच्या ओकच्या फळ्यांचे ते व्यापारी नाव होते. पुढे त्या फळ्यांनी मढवलेल्या भिंतीला आणि त्याच पद्धतीने बांधलेल्या खुर्चीलाही तेच नाव मिळाले. म्हणजे ज्या वस्तूकडे आज ‘अस्सल इंग्रज’ म्हणून पाहिले जाते, तिच्या नावातच समुद्रापारचा व्यापार आहे.

६/
आता घडण. आपल्याकडे सागाचे जे स्थान, ते तिकडे ओकचे. मात्र चांगल्या कामासाठी सुतार ओकचा ओंडका करवतीने कापण्याऐवजी ओला असतानाच पाचर मारून चिरत. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या नैसर्गिक रेषांवर तो सहज फाटतो. अशी फळी वाकत-पिळत नाही आणि तिच्या पृष्ठभागावर रुपेरी चकाकीचे पट्टे दिसतात. ओंडका कलिंगडाच्या फोडींप्रमाणे चिरला जात असल्याने फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ राहते. ही असमानता ध्यानात ठेवावी. पुढे ती साक्षीला येणार आहे.

७/
जोडकामात सरस वा खिळ्यांवर भिस्त नसे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्ही एकत्र आल्यावर आरपार लाकडी खुंटी ठोकायची. यातील खुबी अशी की जिभेतले भोक खाचेतल्या भोकापासून किंचित सरकवून पाडत. खुंटी आत जाताना सांधा आपोआप ओढला जाऊन घट्ट बसे. ओले लाकूड पुढे वाळून आकसते. म्हणून जुन्या कामात खुंट्यांची टोके पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली आढळतात.

८/
हे काम कोणी करावे, यावर लंडनमध्ये वाद झाला होता. जोडकाम करणाऱ्या सुतारांच्या संघाला १५७१ मध्ये राजसनद मिळाली. घरबांधणी करणाऱ्या सुतारांशी त्यांचा तंटा नगरपालांसमोर गेला आणि १६३२ मध्ये त्याचा निर्णय लागला. जीभ-खाचेचे काम जोडारी सुतारांकडे राहिले आणि फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेले साधे काम घरबांधणीच्या सुतारांकडे गेले. कोणता सांधा कोणाच्या हातचा, याला कायदेशीर अर्थ होता. आज कोणतीही जुनी खुर्ची तपासताना प्रथम सांधाच पाहतात, ते या पार्श्वभूमीमुळेही उचित ठरते.

९/
नक्षी बहुधा खुर्ची जोडण्यापूर्वी, सुट्या फळीवर होई. कंपासने वर्तुळे आखायची आणि मोजक्या गोल-सपाट पटाशींनी भोवतालचे लाकूड खाली उतरवायचे. अर्धवर्तुळांची रांग, एकमेकांत गुंफलेल्या कड्या, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वेली, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट हे नेहमीचे आकार. यॉर्कशरमधील खुर्च्यांच्या पाठीवरचा कोरीव माथा दोन्ही बाजूंना खांबांबाहेर डोकावतो. इतर परगण्यांच्याही अशाच खुणा आहेत. हात सराईत असल्याने रेषा जोरकस असते, पण दोन बाजू तंतोतंत सारख्या क्वचितच असतात.

१०/
१६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाली आणि लंडनची रुची पालटली. अक्रोडाच्या लाकडाच्या, वेताने विणलेल्या हलक्या खुर्च्या आल्या. ओकची जड खुर्ची दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तेथून अडगळीत गेली. दूरच्या परगण्यांत मात्र सुतार जुन्याच पद्धतीने काम करत राहिले. त्यामुळे निव्वळ नक्षीच्या शैलीवरून काळ ठरवणे धोक्याचे असते : राजधानीत जी शैली जुनी झाली, ती उत्तरेकडील खेड्यात अजून चलनात होती.

११/
शंभर-दीडशे वर्षांनी ही अडगळ पुन्हा मौल्यवान ठरली. होरेस वॉलपोलने आपल्या ‘स्ट्रॉबेरी हिल’ या घरात प्राचीन वस्तूंचा संग्रह केला होता. १८४२ मध्ये त्याचा लिलाव झाला, तो चोवीस दिवस चालला. वॉल्टर स्कॉटने ‘ॲबट्सफर्ड’ हे आपले निवासस्थान जुन्या कोरीव लाकडाने सजवले. १८३६ मध्ये हेन्री शॉचा प्राचीन फर्निचरच्या चित्रांचा ग्रंथ सॅम्युअल मेरिकच्या वर्णनांसह प्रसिद्ध झाला. खरेदीदाराला काय शोधावे हे त्यातून कळले आणि नकलकाराला काय घडवावे हेही कळले.

१२/
या आवडीमागे काळाची अस्वस्थता होती. गिरण्या, रेल्वे, धुराने काळी झालेली शहरे यांच्यामध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गाला एक स्थिर, ग्रामीण, आतिथ्यशील इंग्लंड हवे होते. ते कधी काळी होते की नव्हते, हा वेगळा प्रश्न. पण ओकच्या खुर्चीत ते बसायला मिळत होते. ज्याच्या पूर्वजांची वंशावळ सापडत नव्हती, त्याला निदान कुणाच्या तरी पूर्वजांची खुर्ची विकत घेता येत होती. सालाचे आणि आद्याक्षरांचे मोल येथे वाढले.

१३/
मागणी वाढली, सतराव्या शतकातील खुर्च्यांची संख्या मात्र वाढणे शक्य नव्हते. ही उणीव व्यापाऱ्यांनी भरून काढली. लंडनच्या सोहो भागातील वॉर्डर स्ट्रीट जुन्या ओकच्या दुकानांसाठी प्रसिद्ध झाला. मोडक्या पेटाऱ्यांच्या फळ्या, चर्चमधील बाकांची टोके, पलंगांचे कोरीव माथे यांतून ‘जुन्या’ खुर्च्या उभ्या राहू लागल्या. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या युद्धांनंतर युरोपातील मठ-चर्चमधले कोरीव लाकूडही इंग्लंडच्या बाजारात आले. अशा खुर्चीचा प्रत्येक तुकडा जुना असू शकतो आणि तरीही खुर्ची म्हणून ती नवी असते.

१४/
या रस्त्याची कीर्ती अशी की त्याचे नाव भाषेत शिरले. १८८८ मध्ये आर्चिबाल्ड बॅलँटाइन यांनी विल्यम मॉरिस यांच्या ‘ओडिसी’च्या अनुवादातील मुद्दाम जुनाट केलेल्या इंग्रजीला ‘वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश’ म्हटले. बनावट प्राचीन फर्निचरसारखी बनावट प्राचीन भाषा, असा त्याचा भाव. विरोधाभास असा की हाताच्या प्रामाणिक कारागिरीचा आग्रह धरणाऱ्यांत मॉरिस अग्रणी होते. वाचकांना हा टोमणा विशेष स्पष्टीकरणाशिवाय समजला, यावरून हा व्यवहार किती सर्वज्ञात होता ते कळते.

१५/
याहून चकवणारा प्रकार म्हणजे खऱ्या खुर्चीवरची खोटी नक्षी. साध्या पाठीच्या जुन्या खुर्चीला किंमत कमी आणि कोरीव खुर्चीला जास्त. म्हणून एकोणिसाव्या शतकात साध्या खुर्च्यांवर नव्याने कोरीव काम करून घेतले गेले. सगळेच लबाडीने झाले असेही नाही. लाकूड कोरणे हा त्या काळी सुखवस्तू घरांतील हौसेचा छंद होता. परिणाम एकच : लाकूड सतराव्या शतकाचे, सांधे सतराव्या शतकाचे, आणि साल मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कुणीतरी कोरलेले.

१६/
अशा वेळी प्रयोगशाळेचे उत्तरही जपून वाचावे लागते. झाडाच्या वार्षिक वलयांची रुंदी मोजून ओकचे वय काढता येते. लाकूड बाल्टिक प्रदेशातले की इंग्लंडमधले, हेही त्यातून बऱ्याचदा कळते. पण ही पद्धत झाडाविषयी सांगते. सालीलगतचे कोवळे लाकूड शिल्लक नसेल, तर झाड नेमके कधी तोडले हेही निश्चित होत नाही. पटाशी त्या फळीवर कधी चालली, या प्रश्नाला तर ती उत्तरच देत नाही. लाकडाचे वय आणि नक्षीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१७/
मग तपासायचे कसे? जाणकार प्रथम खुर्ची उलटी करतात. समोरची बाजू दाखवण्यासाठी असते. मागची आणि खालची बाजू सजवण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. पाचरीने चिरलेल्या फळीची मागची बाजू ओबडधोबड, जाडी असमान. चक्राकार करवत इंग्लंडमध्ये सर्रास वापरात आली ती एकोणिसाव्या शतकात. तिच्या दात्यांच्या कमानदार खुणा ज्या फळीवर आहेत, ती फळी चार्ल्स राजाच्या काळातली असू शकत नाही. सर्वत्र एकसारखी जाडी असेल तर यंत्राचा संशय घ्यावा.

१८/
कीडही साक्ष देते. लाकडातील अळी आत नागमोडी बोगदे करते आणि कीटक बाहेर पडताना पृष्ठभागावर केवळ लहान गोल भोक ठेवतो. त्यामुळे अखंड पृष्ठभागावर भोके दिसावीत, बोगदे दिसू नयेत. नक्षीच्या खोलगट भागात बोगदा लांबीच्या बाजूने उघडा पडलेला असेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे : आधी कीड लागली, नंतर पटाशी चालली. ही खूण खरेदीदाराला घरच्या घरी, साध्या भिंगानेही पाहता येते.

१९/
झिजेचेही तर्कशास्त्र असते. बसणाऱ्याचे तळवे जेथे टेकतात तेथे हात गुळगुळीत व्हावेत. टाचा टेकून टेकून पुढच्या खालच्या आडव्या पट्टीची वरची कड झिजावी. ओल्या फरशीवर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहून पायांची टोके कुजावीत. नक्षीचे उंचवटे आधी घासले जावेत आणि खोलगट भागात धूळ-मेणाचा थर साचावा. जेथे हात पोहोचतच नाही तेथे झीज आणि जेथे रोजचा स्पर्श तेथे धारदार कडा, असे असेल तर ती झीज वापराने आलेली नाही.

२०/
आता एक उदाहरण. वेल्स येथील बिशपच्या वाड्यात ‘ग्लास्टनबरी खुर्ची’ म्हणून ओळखली जाणारी एक ओकची खुर्ची आहे. तिच्यावर जॉन आर्थर या ग्लास्टनबरीच्या मठवासीचे नाव लॅटिनमध्ये कोरलेले आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा ग्लास्टनबरीचा शेवटचा मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग याला १५ नोव्हेंबर १५३९ रोजी गावाजवळच्या टेकडीवर फाशी देण्यात आले. वृद्ध मठाधिपती, उद्ध्वस्त मठ आणि मागे उरलेली खुर्ची. एकोणिसाव्या शतकातील मनाला याहून हृदयस्पर्शी वस्तू कोणती असणार?

२१/
शॉच्या ग्रंथात या खुर्चीचे चित्र होते. तिच्या धर्तीच्या खुर्च्या इंग्लंडभरच्या चर्चसाठी घडवल्या गेल्या आणि ‘ग्लास्टनबरी’ हे एका खुर्चीचे नाव न राहता प्रकाराचे नाव झाले. घडवणाऱ्याने त्या नक्कल म्हणूनच घडवल्या आणि घेणाऱ्यानेही तशाच घेतल्या; यात फसवणूक नव्हती. पण पावती हरवते, पुजारी बदलतो, चर्च बंद पडते, खुर्ची बाजारात येते. तोवर लाकूड काळे पडलेले असते. तिच्याविषयी कोणी काही जाणत नाही, अशा क्षणी ती सहज ‘सोळाव्या शतकातील’ होऊन जाते. वस्तू घडताना प्रामाणिक असू शकते. खोटेपणा विक्रीच्या वेळी जन्मतो.

२२/
दुसरे उदाहरण अमेरिकेतले. प्लिमथ वसाहतीतील धर्मप्रमुख विल्यम ब्रूस्टर १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने तेथे पोहोचला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी खुर्ची कोरीव फळीची नाही. ती कातलेल्या दांड्यांची आहे. अशा खुर्च्या अत्यंत दुर्मीळ. ऱ्होड आयलंडमधील आर्मंड लामाँटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये तशी एक खुर्ची घडवली, ती युक्तीने जुनी केली आणि प्राचीन वस्तूंच्या बाजारात सोडून दिली. अखेर डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती ९,००० डॉलर्सना विकत घेतली.

२३/
१९७७ मध्ये हा प्रकार वृत्तपत्रांतून उघडकीस आला. जाणकारांनाही फसवता येते, हेच लामाँटेनला दाखवायचे होते. त्याने दांड्यांसाठीची भोके मुद्दाम आधुनिक गिरमिटाने पाडली होती. जुन्या आणि नव्या हत्याराने पाडलेल्या भोकाचा तळ वेगळा असतो. क्ष-किरण तपासणीत ते दिसले. म्हणजे पुरावा पहिल्या दिवसापासून सांध्याच्या आत होता. पण इतक्या दुर्मीळ वस्तूचा आणखी एक नमुना मिळाल्याचा आनंद होता, आणि आनंदात सांधा कोण उघडून पाहतो? संग्रहालयाने ती खुर्ची फेकून दिली नाही. बनावट कशी ओळखावी, हे शिकवण्यासाठी ती ठेवून घेतली.

२४/
आता पुन्हा लिलावाच्या सूचीकडे येऊ. तिची भाषा फार मोजून-मापून लिहिलेली असते. ‘सतरावे शतक’ म्हणजे विक्रेता काळाची जबाबदारी घेतो. ‘सतरावे शतक आणि नंतरचे’ म्हणजे काही भाग पुढच्या काळातले आहेत; किती, ते तुम्ही पाहावे. ‘सतराव्या शतकाच्या शैलीत’ म्हणजे वस्तू त्या शतकातली नाहीच. ‘सन १६४१ कोरलेले’ म्हणजे एवढेच की तसे साल कोरलेले आहे. ते कोणी, कधी कोरले याविषयी त्या वाक्यात अवाक्षर नाही. बनावटीला खोटे वाक्य लागतेच असे नाही. अर्धवट वाचणारा वाचक पुरतो.

२५/
मग १८५० च्या सुमारास नक्षी चढवलेली खुर्ची इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी का? मुळीच नाही. १६४१ च्या इंग्लंडविषयी तिची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही, पण १८५० च्या इंग्लंडविषयी ती अस्सल साधन आहे. आपल्या भूतकाळात काय असायला हवे होते असे त्या पिढीला वाटे, ते तिने लाकडात कोरून ठेवले आहे. चूक खुर्चीत नसते. तिला विचारलेला प्रश्न चुकतो.

२६/
मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करतानाही आपण कागदाकडे असेच पाहतो. शिक्का, तिथी आणि मायना समोर असतात. कागदाची जात, मोडीचे वळण आणि तो कागद आजवर कोणाकोणाच्या हातांतून आला, हे मागे असते. आपल्याला नेमके हवे तेच सांगणारा कागद हाती आला, तर त्याची मागची बाजू अधिक वेळ पाहावी.

२७/
तेव्हा कधी एखाद्या प्रदर्शनात, दुकानात वा लिलावाच्या सूचीत काळ्या ओकची कोरीव खुर्ची दिसली, तर पाठीवरचे साल सर्वांत शेवटी वाचा. आधी सांधे, मग फळीची जाडी, मग किडीची वाट, मग झीज, मग हस्तांतराचे कागद. या सर्वांची साक्ष एकमेकींशी जुळली, तर सालावर विश्वास ठेवायला हरकत नाही. धागा येथे पूर्ण करतो. आपल्या घरातील जुन्या लाकडी वस्तूंवर अशा काही खुणा आढळल्या असतील, तर खाली अवश्य लिहा. 🙏